शेततळ्यातील माशांवरचे एकपेशीय परजीवी कसे ओळखावेत आणि कसे आवरावेत

खानदेशात शेततळे खोदले जाते ते मुळात केळी, पपई किंवा कापसाला संरक्षित पाणी मिळावे म्हणून, आणि मासे त्यात जोडधंदा म्हणून नंतर येतात. रोग आवरताना हा क्रम विसरून चालत नाही. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत दिलेले पुष्कळसे उपाय केवळ माशांसाठी राखलेल्या तलावांचे असतात, तर आपल्या तळ्यातले पाणी दुसऱ्याच दिवशी ठिबकमधून केळीच्या मुळाशी जाणार असते. त्यामुळे पुढील मार्गदर्शन प्लास्टिक अस्तराच्या, रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा गवत्या (ग्रास कार्प) हे मासे सोडलेल्या शेततळ्याला धरून लिहिले आहे. हतनूर, गिरणा ही धरणे किंवा नवापूरपर्यंत पसरलेला उकाई धरणाचा फुगवटा अशा मोठ्या पाण्यात औषधोपचार शक्यच नसतो.

हे परजीवी एका पेशीचे असतात आणि त्यांतले बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याकडच्या तळ्यांत प्रामुख्याने दोघांशी गाठ पडते. पहिला इक्थायोफ्थिरियस, ज्याच्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो आणि ज्याचे वर्णन फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये केले. दुसरा ट्रायकोडिना. त्यांच्याखेरीज कॉस्टिया आणि थंड पाण्यात वाढणारा किलोडोनेला हेही अधूनमधून आढळतात. या परजीवींचा माणसाला संसर्ग होत नाही. तरीही मेलेले किंवा मरणोन्मुख मासे बाजारात नेऊ नयेत, कारण असे मासे लवकर नासतात.

पायरी १ : पाण्याचे तापमान रोज टिपून ठेवावे

औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी साधा तापमापक घ्यावा आणि सकाळी व दुपारी हातभर खोलीवरचे तापमान वहीत लिहावे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे सगळे गणित या आकड्यावर चालते. हा परजीवी माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून तेथे पोसला जातो. पूर्ण वाढला की तो माशाला सोडून तळाशी किंवा प्लास्टिकला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन काहीशे, प्रसंगी हजारभर पिल्ले बाहेर सोडतो. या पोहणाऱ्या पिल्लांना साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे सारे चक्र चार-पाच दिवसांत पुरे होते, १५ अंशांच्या सुमारास दहा दिवस किंवा त्याहून अधिक लागतात आणि १० अंशांवर महिनाही लागू शकतो. पाणी ३० अंशांच्या वर टिकून राहिले की रोगाचा जोर ओसरतो.

धुळ्यात थंडीत पारा एक अंकी आकड्यावर येतो आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो. म्हणून आपल्याकडे हा रोग मुख्यतः दिवाळीपासून होळीपर्यंतचा समजावा. औषध माशाच्या त्वचेखाली दडलेल्या किंवा कवचात बसलेल्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही, ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते. एकदा औषध टाकून "गुण आला नाही" म्हणून ते सोडून देणाऱ्यांची तक्रार खरी असते, पण तिचे कारण औषधात नसून या चक्रात असते.

पायरी २ : पहाटे आणि दहाच्या सुमारास, असे दोनदा मासे पाहावेत

पहाटे मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर पहिला संशय प्राणवायूच्या कमतरतेचा घ्यावा. ऊन चढून शेवाळ कामाला लागले की नऊ-दहापर्यंत हे मासे खाली जातात. मात्र दहानंतरही ते पृष्ठभागावर किंवा पाणी पडते त्या नळाजवळ घोळक्याने थांबत असतील, खाद्य टाकल्यावर झेपावत नसतील आणि मध्येच एखादा मासा कूस पालटून प्लास्टिकच्या उतारावर अंग घासत असेल, तर कल्ल्यांवर किंवा त्वचेवर काहीतरी बसले आहे असे धरावे.

मग जाळे टाकून चार-पाच मासे जिवंत पकडावेत आणि ओल्या हाताने धरून उन्हात तिरपे पाहावेत. रव्याच्या कणांएवढे, किंचित उंचावलेले पांढरे ठिपके पर, शेपटी आणि डोक्यावर दिसले तर तो इक्थायोफ्थिरियस असण्याची शक्यता मोठी असते. ठिपके नसून अंगावर निळसर-करडा, बुळबुळीत थर दिसत असेल तर ट्रायकोडिना किंवा कॉस्टियाचा विचार करावा. कल्ल्याचे झाकण उचलून आतही पाहावे, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कधी कधी फक्त कल्ल्यांत असतो आणि बाहेरून मासा स्वच्छ दिसत असतानाच मरतो.

येथे दोन फसव्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कटल्याच्या कल्ल्यांवर दिसणाऱ्या न हलणाऱ्या पांढऱ्या गाठी बहुधा मिक्सोबोलस किंवा त्याच्या भाईबंदांच्या असतात. हे जीव पूर्वी एकपेशीय समजले जात, आता त्यांची गणना जेलीफिशच्या दूरच्या नातलगांत होते. त्यांच्यावर औषध नाही, त्यामुळे या गाठींवर पुढे सांगितलेले परमँगनेट खर्च करू नये. दुसरे, अंगावर सरकणारी चपटी, डोळ्यांना दिसणारी ऊ म्हणजे आर्ग्युलस. ती कवचधारी प्राण्यांच्या गटातली असून तिचा उपाय वेगळा आहे.

पायरी ३ : सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि नंतर तीन प्रकारची औषधे एकामागून एक ओततात. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विद्यार्थ्यांसाठी असलेला साधा सूक्ष्मदर्शक या कामाला पुरतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाचेही मार्गदर्शन घ्यावे. मासा तळ्याच्याच पाण्यात, जिवंत न्यावा. मासा मेल्यावर हे परजीवी त्याला सोडून जातात किंवा लगेच मरतात, त्यामुळे बर्फात घालून नेलेल्या माशावर काहीच सापडत नाही आणि उगाच गैरसमज होतो.

छातीच्या पराच्या मागून शेपटीच्या दिशेने काचेच्या कडेने हलकेच बुळबुळीचा थर ओढावा, तो काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात पसरावा, वर पातळ काच ठेवावी आणि आधी कमी वर्धनावर पाहावे. संथपणे गरगरणारा मोठा, गडद गोळा आणि त्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराचे केंद्रक दिसले की इक्थायोफ्थिरियस ठरला. ट्रायकोडिना त्याच्याहून पुष्कळ लहान, गोल आणि चपटा असतो, आत दातेरी कडे असते आणि तो जागच्या जागी भराभर फिरतो. एकदा पाहिलेला ट्रायकोडिना माणूस पुन्हा विसरत नाही. कॉस्टिया इतका बारीक असतो की जास्त वर्धन लावावे लागते आणि तो लुकलुकत हलताना दिसतो. किलोडोनेला पानासारखा चपटा असून पृष्ठभागावरून घसरत जातो.

यापुढचा निर्णय दोघांसाठी वेगळा आहे. इक्थायोफ्थिरियस एकच दिसला तरी उपचार सुरू करावा. ट्रायकोडिना मात्र निरोगी माशावरही थोडे असतात, एका दृष्टिक्षेत्रात एखाददुसरा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ते झुंडीने दिसले तर तळ्यात मासे दाट झाले आहेत किंवा न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा साचली आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. खाद्य निम्म्यावर आणून तळाचा गाळ उपसला नाही तर औषधाने गेलेले ट्रायकोडिना पुन्हा येतात.

पायरी ४ : तळ्यात खरोखर किती पाणी आहे ते काढावे

सर्वांत महाग चुका येथे होतात. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, पण हिशेब मात्र लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली असा केला जातो. वर ३० बाय ३० मीटर, तळाशी २१ बाय २१ मीटर आणि ३ मीटर खोल असे नेहमीचे तळे घ्या. त्यात सध्या २ मीटर पाणी असेल तर पाण्याचा पृष्ठभाग २७ बाय २७, म्हणजे ७२९ चौरस मीटर, मधली पातळी २४ बाय २४, म्हणजे ५७६, आणि तळ ४४१ चौरस मीटर असतो. पृष्ठभाग, तळ आणि मधल्या पातळीची चौपट यांची बेरीज ३,४७४ होते. तिला ६ ने भागून खोलीने गुणले की १,१५८ घनमीटर येतात. सरळ ३० बाय ३० बाय २ असा गुणाकार केला असता तर उत्तर १,८०० आले असते आणि औषध दीडपटीहून अधिक पडले असते.

पायरी ५ : औषध निवडावे आणि दिवसांचा हिशेब पाळावा

शेततळ्यासाठी मी पोटॅशियम परमँगनेटला पहिली पसंती देतो. प्रमाण दर घनमीटरला २ ग्रॅम, म्हणजे वरच्या तळ्याला सुमारे २ किलो ३०० ग्रॅम. ते प्लास्टिकच्या बादल्यांत पूर्ण विरघळवून, ऊन चढल्यावर, वाऱ्याच्या बाजूने सर्व तळ्यावर सारखे शिंपडावे आणि असेल तर हवा देणारे यंत्र चालू ठेवावे. पाण्याचा जांभळा रंग काही तास टिकला पाहिजे. तो अर्ध्या-एक तासातच तपकिरी झाला तर औषध गाळ आणि शेवाळ यांनीच खाल्ले असे समजून आधी तळ स्वच्छ करावा, लागलीच दुप्पट मात्रा टाकू नये. औषधाच्या आदल्या दिवशी केळीला पाणी देऊन घ्यावे आणि नंतर रंग पूर्ण जाऊन पाणी निवळेपर्यंत ठिबक बंद ठेवावे. परमँगनेटचा तपकिरी साका ड्रिपरमध्ये बसला की तो काढणे जिकिरीचे होते.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर दर दोन-तीन दिवसांनी, किमान तीन-चार वेळा ही मात्रा द्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पाणी १५ ते १८ अंशांवर असताना दर चार-पाच दिवसांनी, पण सुमारे तीन आठवडे उपचार चालवावा. प्रत्येक मात्रेपूर्वी मासे पाहावेत आणि ते दमलेले दिसल्यास एक दिवस थांबावे. ठिपके दिसेनासे झाले म्हणून मध्येच थांबू नये, कारण त्या वेळी परजीवी माशावरून उतरून तळाशी विभागत असतो.

मीठ हे उत्तम औषध आहे, पण शेततळ्यात नव्हे. लिटरला एक ग्रॅम मीठ धरले तरी वरच्या तळ्याला अकराशे किलोहून अधिक लागेल आणि ते खारे पाणी केळीला मानवणार नाही. मीठ टबासाठी आणि सिमेंटच्या टाकीसाठी राखावे. टाकीत वेगळे काढलेल्या माशांना लिटरला ४ ते ५ ग्रॅम जाडे मीठ, दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवत, दहा-बारा दिवस ठेवता येते.

मोरचूद बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी घरात असतेच, म्हणून तिचा मोह होतो. तिची विषारी मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर) अवलंबून असते आणि क्षारता न मोजता टाकलेली मोरचूद परजीवीआधी मासे मारू शकते. शिवाय शेवाळ एकदम मरून प्राणवायू घटतो, तो धोका वेगळाच. फॉर्मेलिन शेततळ्यात ओतण्याच्याही मी विरोधात आहे. त्यानेही पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याची वाफ माणसाला घातक असते. टबात वापरायचेच झाले तर १,००० लिटरला १५० मिलिलिटर, सतत हवा देत, अर्धा ते एक तास, एवढ्यावर थांबावे. तळाशी पांढरा साका जमलेली बाटली टाकून द्यावी, कारण तो साका माशांना फार विषारी असतो. परमँगनेट आणि फॉर्मेलिन यांचे मिश्रण कधीही करू नये, त्यांची अभिक्रिया भडका उडवणारी असते. मॅलाकाइट ग्रीन शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते म्हणून कोणी सुचवले तरी खाण्याच्या माशांना वापरू नये, कारण त्याचे अवशेष मांसात दीर्घकाळ राहतात.

मेलेले मासे रोज काढून, तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. नाल्यात किंवा पाटात टाकले तर तेच पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात जाते.

पायरी ६ : नवे बीज थेट सोडू नये

परजीवी तळ्यात येतो तो बहुधा बोटुकलीबरोबर (बोटाएवढ्या मत्स्यबीजाबरोबर) किंवा दुसऱ्या तळ्यावरून आलेल्या ओल्या जाळ्याबरोबर. बीज आल्यावर पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे, नंतर १०० लिटर पाण्यात अडीच किलो मीठ विरघळवलेल्या टबात बोटुकली दोन-तीन मिनिटे बुडवावी. आधी दहा मासे घालून पाहावेत आणि ते कलंडू लागताच बाहेर काढावेत. या बुडवणीने ट्रायकोडिना आणि कॉस्टिया बरेचसे जातात, त्वचेखालचा इक्थायोफ्थिरियस मात्र जात नाही. त्यासाठी बीज दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हाच मार्ग आहे. त्याच तळ्यात हापा (जाळीचा पिंजरा) बांधून बीज वेगळे ठेवल्याचे समाधान मानणारे पुष्कळ दिसतात, पण हाप्याच्या जाळीतून पाणी आणि परजीवी दोन्ही ये-जा करतात. पिशवीतले पाणीही तळ्यात ओतू नये. मासे काढायला येणाऱ्यांचे जाळे आदल्या दिवशी कडक उन्हात पूर्ण वाळलेले असेल तरच पाण्यात उतरू द्यावे.

पायरी ७ : आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तळे कोरडे करावे

मासे विकून झाल्यावर उरलेले पाणी तळाशी फूटव्हॉल्व्ह ठेवून केळीला द्यावे, म्हणजे गाळातले खतही पिकाला मिळते. मग प्लास्टिकवरचा चिकट थर मऊ ब्रशने घासून, गाळ घमेल्यांनी बाहेर काढून, तळे आठवडाभर उन्हात ठेवावे. कवचातला परजीवी कोरडेपणात टिकत नाही. प्लास्टिकच्या घड्यांत आणि कोपऱ्यांत साचलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे, कारण तेवढी ओल राहिली तर वाळवण अपुरी राहते. मातीच्या तळ्यात तळ भेगाळेपर्यंत वाळवून कळीचा चुना पसरता येतो. अस्तराच्या तळ्यात तो टाकू नये, कारण कळी विरताना निघणारी उष्णता प्लास्टिकला बाधू शकते. त्यानंतर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरून, ते दोन-चार दिवस हवा खाऊ दिल्यावर बीजाची मागणी नोंदवावी.