बोल्ट, कडी आणि डेंगळा

मुंबईत अनुवादाच्या कामाला लागले आणि पहिल्याच महिन्यात 'बोल्ट' या शब्दाशी अडले. कांदा उत्पादकांसाठी पुस्तिका करायची होती. थंडी लांबली की पीक 'बोल्ट' होतं, असं मूळ इंग्रजीत होतं. मला ठाऊक असलेला बोल्ट नटाचा, नाहीतर दाराचा. कोशात 'उधळणे, सुसाट सुटणे' सापडलं, म्हणून 'कांदा झपाट्याने वाढतो' असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी वाक्याखाली लाल रेघ मारली.

संध्याकाळी दादरच्या मंडईत निफाडकडच्या एका काकांना विचारलं, "पातीतून फुलाचा दांडा वर येतो, त्याला काय म्हणता?"

"डेंगळा. ताई, डेंगळ्याचा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, आतून दांडा कडक होतो ना."

पीक 'बोल्ट' होतं म्हणजे डेंगळा येतो. एका शब्दात सगळं आलं. आजही मला तो शब्द फार आवडतो.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगते, बोल्टचा मूळ अर्थ आहे यांत्रिक धनुष्यातून सुटणारा आखूड, जाड बाण. तो डोळ्यांपुढे ठेवला की पुष्कळ अर्थ उलगडतात. दाराच्या चौकटीत सरळ घुसणारी कडी, आभाळातून सुटणारी वीज, दचकून ताठ उठून बसणारा माणूस. मात्र पीठ चाळण्याचा 'बोल्ट' निराळ्या मुळाचा आहे. तिथे आपलं 'वस्त्रगाळ' असताना दुसरं काही शोधू नका.

वाक्यात बोल्ट कोण करतंय, हे आधी बघा. घोडा असेल तर उधळला. जेवण असेल तर बकाबका गिळलं. दार असेल तर कडी घातली, आणि जुना वाडा असेल तर अडसर लावला. निळ्या आभाळातून वीज पडल्याचा इंग्रजी वाक्प्रचार आला तर वीज सोडून द्या, 'ध्यानीमनी नसताना' लिहा.

नटबोल्टचं मराठी मात्र करू नका. नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानात 'पेचखिळा' मागून बघा, काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघतच राहील. तिथे बोल्ट हा बोल्टच. व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची.

कापडाचा 'बोल्ट' मला मंगलदास मार्केटमध्ये कळला. दुकानदाराने फळीवरून गुंडाळी काढली आणि पोऱ्याला म्हणाला, "हा ताका उलगड."