गॅसचा साठा आणि वायद्याचा भाव: या चुका टाळा

गुरुवारी न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळचे साडेदहा वाजले की अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा, म्हणजे ईआयएचा, नैसर्गिक वायूच्या साठ्याचा साप्ताहिक अहवाल येतो. साठा वाढला की भाव पडणार आणि घटला की चढणार, एवढ्याच भांडवलावर बरेच जण तो उघडतात. मग पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न पडतो: साठ्यातून एवढा गॅस उपसला गेला, तरी वायदा (पुढच्या महिन्यांतल्या डिलिव्हरीसाठी आज ठरलेल्या भावाचा करार) लाल, म्हणजे घसरलेला, का?

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. आकडा बरोबर वाचला, पण चुकीच्या आकड्याशेजारी ठेवून. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका याच जातीच्या आहेत.

शून्याशी तुलना

समजा, जानेवारीतल्या एका आठवड्यात १३८ बीसीएफ, म्हणजे १३८ अब्ज घनफूट, गॅस उपसला गेला. ऐकायला मोठा आकडा. पण विश्लेषकांची सरासरी अपेक्षा १५० ची असेल, तर बाजाराच्या हिशेबात १२ बीसीएफ गॅस अनपेक्षितपणे उरला आहे. भाव त्या बाराचा लागतो, १३८ चा नाही. १५० ची किंमत अहवालाआधीच भावात बसलेली असते.

म्हणून टिपणात कमीत कमी चार रकाने हवेत: प्रत्यक्ष बदल, अपेक्षित बदल, गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा बदल आणि पाच वर्षांची सरासरी. अपेक्षेचा रकाना अहवाल येण्याआधी भरायचा. नंतर भरला की मन हळूच आपल्या सोयीचा अंदाज निवडतं, हे मी स्वतःच्या वहीत पाहिलं आहे.

एवढं करूनही भाव उलटा गेला, तर हवामानाचा ताजा अंदाज बघा. अहवालाच्या दिवशीच पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज उबदार झाला असेल, तर साठ्याच्या आकड्याला कोणी विचारत नाही.

निव्वळ बदल म्हणजे प्रत्यक्ष भरणा नव्हे

११ जून २०२१ ला संपलेल्या आठवड्यात साठ्यातली निव्वळ वाढ अवघी १६ बीसीएफ दिसली. जूनमध्ये भरणा जोरात असतो, त्यामुळे फक्त ठळक आकडा पाहणाऱ्याला टंचाईच वाटली असती. खरं तर त्या आठवड्यात ६७ बीसीएफ गॅस जमिनीखाली गेला होता. कॅलिफोर्नियातल्या पीजी अँड ई कंपनीनं ५१ बीसीएफ गॅस ‘वापरायोग्य साठ्या’तून ‘पायाभूत साठ्या’त वर्ग केला होता, तो वजा होऊन १६ उरले.

पायाभूत साठा म्हणजे भूमिगत पोकळीत दाब टिकवण्यासाठी कायम ठेवावा लागणारा गॅस. तो बाजारात येत नाही, अहवालात मोजला जातो तो वापरायोग्य साठा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसती नोंद बदलली, तरी ठळक आकडा हलतो. पाइपलाइनमधून एक घनफूटही गेलेला नसतो.

आकडा विचित्र दिसला की आधी अहवालातली टीप वाचा. पुनर्वर्गीकरण असेल तर ईआयए ते सांगते आणि प्रत्यक्ष प्रवाहाचा आकडा वेगळा देते. मॉडेलला तोच द्यायचा. दुसरी शक्यता दुरुस्तीची. हा अहवाल नमुना सर्वेक्षणावर उभा आहे, सगळ्या साठवण केंद्रांच्या मोजणीवर नाही. चूक किमान ४ बीसीएफची निघाली तर मागचे आकडे सुधारून दिले जातात. गेल्या आठवड्याचा साठा आणि या आठवड्याचा बदल यांची बेरीज जुळत नसेल, तर दोष तुमच्या सूत्रात शोधण्याआधी सुधारित आकडे उतरवून घ्या.

‘सरासरीपेक्षा दहा टक्के जास्त’

हे वाक्य मला सगळ्यात फसवं वाटतं. पाच वर्षांची सरासरी ही जमिनीत रोवलेली खूण नाही, ती दर जानेवारीत पुढे सरकते. २०१४ च्या कडक हिवाळ्यानंतर मार्चअखेर साठा ८२० बीसीएफच्या आसपास उतरला होता. २०१६ मध्ये त्याच सुमाराला तो जवळपास २,५०० होता. २०१९ ची तुलना २०१४ ते २०१८ च्या सरासरीशी झाली, म्हणजे तो खड्डा हिशेबात धरून. २०२० मध्ये २०१४ गळालं आणि सरासरी आपोआप वर गेली. साठा तेवढाच असता, तरी मथळ्यातला ‘जास्त’ आकसलाच असता.

टक्क्यांचीही गंमत आहे. मार्चअखेरच्या १,६०० बीसीएफवर दहा टक्के म्हणजे १६०, ऑक्टोबरअखेरच्या ३,७०० वर दहा टक्के म्हणजे ३७०. टक्का तोच, गॅस दुपटीहून जास्त. म्हणून फरक बीसीएफमध्येच मांडावा. तो आठवड्यागणिक वाढतोय की आटतोय, याची रेघ काढली तर मथळ्यांपेक्षा खूप जास्त कळतं.

आणि मागणीही बदलली आहे. लुइझियानातल्या सबीन पासहून एलएनजीचं (जहाजानं नेण्यासाठी द्रवरूप केलेल्या गॅसचं) पहिलं जहाज फेब्रुवारी २०१६ मध्ये निघालं, आज अमेरिकेची निर्यात दिवसाला १० बीसीएफच्या वर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये साठ्यानं ४,०४७ बीसीएफचा टप्पा गाठला होता. तेवढाच साठा आज असता, तर तो तेव्हापेक्षा कमी दिवस पुरला असता. साठ्याला रोजच्या मागणीनं भागून ‘किती दिवस पुरेल’ असा एक रकाना ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

जाता जाता: अहवालात अमेरिकेचे पाच विभाग आहेत, ही विभागणी नोव्हेंबर २०१५ पासूनची. त्याआधी तीनच विभाग होते, त्यामुळे जुनी विभागवार मालिका नव्या मालिकेला सरळ जोडता येत नाही. दक्षिण-मध्य विभागात मिठाच्या पोकळ्यांतला साठा वेगळा दाखवतात, त्याच्याकडे लक्ष असू द्या. या पोकळ्या झटपट भरता आणि उपसता येतात. थंडीची लाट येते तेव्हा पहिला हिसका तिथे दिसतो.

तारखांचा घोळ

अहवालावर शुक्रवारची तारीख असते आणि तो बाहेर येतो पुढच्या गुरुवारी. म्हणजे हातात पडेपर्यंत आकडा सहा दिवसांचा झालेला असतो. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

स्प्रेडशीटमध्ये याचा त्रास वेगळ्याच रूपात होतो. मी सुरुवातीला शुक्रवारच्या साठ्यासमोर शुक्रवारचाच भाव ठेवला होता. साठ्यावरून भाव ओळखण्याची पद्धत जुन्या आकड्यांवर अशी काही चालली की स्वतःच्याच पाठीवर थाप मारावी. कारण साधं होतं: ज्या दिवशी तो आकडा जगात कोणालाच माहीत नव्हता, त्या दिवशी माझं कोष्टक तो वापरून सौदे करत होतं. प्रत्येक ओळीत दोन तारखा ठेवा, एक साठ्याची, एक प्रसिद्धीची. भाव नेहमी प्रसिद्धीच्या तारखेला जोडा. शक्य असेल तर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला आकडा आणि नंतर सुधारलेला आकडाही वेगळे जपा, कारण बाजारानं प्रतिक्रिया दिली ती पहिल्याला.

आठवड्याच्या क्रमांकावरून वर्षं जुळवू नका. काही वर्षांत ५३ वा आठवडा येतो आणि तिथून पुढची सगळी तुलना एक घर सरकते. सरकलेला एक आठवडा जुलैत खपून जातो, डिसेंबरात नाही. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरात मागे येतात. ज्या देशांत घड्याळ बदलत नाही तिथून पाहणाऱ्यांचा गजर वर्षातून दोनदा चुकतो. सुट्टीच्या आठवड्यात अहवालाचा दिवस किंवा वेळही बदलते.

चार्टवरची ती उडी

‘गॅसचा भाव एका रात्रीत कोसळला’ असं वाटलं की आधी तारीख बघा. न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारातला हेन्री हबचा (लुइझियानातल्या गॅस केंद्राचा, ज्याचा भाव अमेरिकेत प्रमाण मानतात) करार, चिन्ह एनजी, डिलिव्हरीच्या महिन्याच्या पहिल्या तारखेआधी तीन कामकाजी दिवस संपतो. सलग चार्टमध्ये जुना करार संपतो आणि पुढचा मुकाट्यानं त्याच्या जागी येतो.

२७ जानेवारी २०२२ ला फेब्रुवारीच्या कराराचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी तो सुमारे ४६ टक्के उसळून एमएमबीटीयूला (दहा लाख ब्रिटिश उष्मा-एककांना) ६.२६५ डॉलरवर बंद झाला, दिवसात ७ डॉलरच्याही वर जाऊन आला. मार्चचा करार मात्र ४.३ डॉलरच्या आसपास होता. चार्टवर दुसऱ्या दिवशी जी दरी दिसली, त्यात गॅस स्वस्त झाल्याचा पुरावा शोधणं व्यर्थ. करार बदलला होता, बस. असल्या सलग मालिकेवर काढलेली चलत सरासरी किंवा आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा निर्देशांक) काही दिवस खोटंच बोलतो. उपाय दोन: प्रत्येक महिन्याच्या कराराची मालिका वेगळी ठेवा, किंवा फरक समायोजित केलेली सलग मालिका घ्या आणि तिच्यातले जुने भाव खरे व्यवहाराचे भाव समजू नका.

हाच घोळ गॅसचे वायदे घेणाऱ्या फंडांत पैसे ठेवणाऱ्यांना वेगळ्या तऱ्हेनं भोवतो. पुढच्या महिन्याचा करार महाग असेल, तर फंड दर महिन्याला स्वस्त विकून महाग घेतो. वर्षभरानंतर गॅसचा भाव होता तिथेच असतो आणि फंड मात्र खाली. यूएनजी या फंडाची दीर्घ मुदतीची रेघ हेन्री हबच्या रेघेशेजारी ठेवून बघा.

हजर भाव आणि वायदा एकच धरणं

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर थंडीची लाट आली. १७ तारखेला हेन्री हबचा हजर भाव, म्हणजे लगेच मिळणाऱ्या गॅसचा भाव, २३.८६ डॉलर होता. त्याच दिवशी मार्चचा वायदा ३ डॉलरच्या जरासा वर होता. ओक्लाहोमातल्या एका पाइपलाइनवर तर हजर भावानं १,००० डॉलरला हात लावला. आज रात्री गॅस हवा असणारा कितीही मोजतो, पण वायद्यातला माणूस मार्चकडे बघत होता, आणि थंडी मार्चपर्यंत टिकणार नव्हती.

त्या आठवड्यात साठ्यातून ३३८ बीसीएफ उपसले गेले. हीटर सुरू होते, हे एक कारण. विहिरी गोठून उत्पादनही साधारण पाचव्या हिश्श्यानं पडलं होतं, हे दुसरं. उपसा म्हणजे फक्त मागणी, असं धरून बसलेल्यांची मॉडेलं अशा वेळी चुकतात.

याच्या उलट पश्चिम टेक्सासमधल्या वाहा केंद्रावर भाव अनेकदा शून्याखाली गेला आहे. तेलाबरोबर गॅस निघतच राहतो, पाइपलाइन भरलेल्या असतात, म्हणून तो नेण्यासाठी वर पैसे द्यावे लागतात. एका ठिकाणचा मथळा वाचून दुसऱ्या ठिकाणचा करार घेऊ नका.

युरोपचे आकडे अमेरिकेच्या मापानं

युरोपात साठा ‘इतके टक्के भरला’ असा सांगतात आणि टेरावॉट-तासात मोजतात. नेदरलँड्समधल्या टीटीएफ या गॅस व्यापार केंद्राचा भाव असतो युरो प्रति मेगावॉट-तास. एका मेगावॉट-तासात ३.४१२ एमएमबीटीयू असतात, म्हणून आधी त्यानं भागायचं, मग चलन बदलायचं. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस टीटीएफ ३०० युरोच्या वर होता, म्हणजे एमएमबीटीयूला सुमारे ८८ युरो. तेव्हा हेन्री हब १० डॉलरच्या आत होता आणि युरो-डॉलर जवळपास समान. भागाकार विसरलात तर तीसपट फरक दिसेल, केलात तर नऊपट. तोही काही कमी नव्हता.

टक्के वाचताना छेद काय आहे ते बघा. ऑस्ट्रियाची साठवण क्षमता तिच्या वर्षभराच्या वापराच्या आसपास आहे, अनेक देशांची त्यामानानं बरीच कमी. दोघांचे ८० टक्के सारखे नाहीत. नियमही हलले आहेत. २०२२ मध्ये १ नोव्हेंबरपर्यंत ८० टक्के, त्यानंतरच्या वर्षांसाठी ९० टक्के असं युरोपीय संघाचं लक्ष्य होतं. २०२५ मध्ये ते शिथिल करून १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर या काळात कधीही गाठण्याची मुभा दिली. जुनी तारीख धरून ‘लक्ष्य हुकलं’ म्हणणारे अजून भेटतात.

एकच बातमी दोन बाजारांना दोन दिशांना नेऊ शकते. ८ जून २०२२ ला टेक्सासच्या फ्रीपोर्ट एलएनजी प्रकल्पात स्फोट झाला आणि दिवसाला सुमारे २ बीसीएफची निर्यात थांबली. प्रकल्प बराच काळ बंद राहणार हे १४ जूनला कळलं, तेव्हा हेन्री हबचा वायदा सुमारे १६ टक्के पडला, कारण तो गॅस आता घरच्याच साठ्यात जाणार होता. युरोपात मात्र भाव चढला, त्यात त्याच दिवशी रशियाहून येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा पुरवठा घटल्याची भर पडली. ‘पुरवठ्यात खंड, म्हणून खरेदी’ असं डोळे मिटून करणाऱ्यानं आधी नकाशा बघायला हवा होता.

थोडं मार्च-एप्रिलबद्दल

मार्चच्या कराराचा भाव वजा एप्रिलच्या कराराचा भाव, एवढा एक फरक रोज लिहून ठेवा. हिवाळ्याअखेर साठा पुरेल की नाही, याबद्दल बाजाराला वाटणारी भीती या एका आकड्यात दिसते. साठा सरासरीच्या खाली आहे आणि हा फरक तरीही छोटाच आहे, तर बाजाराला टंचाई वाटत नाहीये. अशा वेळी तुमच्या कोष्टकात काय सुटलंय ते शोधा.

त्यावर पैसे लावणं हा निराळा विषय. बाजारात या फरकाला ‘विधवा करणारा सौदा’ म्हणतात. सप्टेंबर २००६ मध्ये अ‍ॅमरँथ अ‍ॅडव्हायझर्स हा फंड महिन्या-महिन्यांतल्या अशाच फरकांवर ६ अब्ज डॉलरच्या वर गमावून बुडाला. एनजीचा एक करार १०,००० एमएमबीटीयूचा असतो. भाव २० सेंट हलला की २,००० डॉलर इकडचे तिकडे होतात, आणि गुरुवारी साडेदहानंतर २० सेंट हलायला कधी कधी एक मिनिट पुरतं. त्या मिनिटात लावलेला स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला तोट्यातून बाहेर पडण्याचा आदेश) तुमच्या भावावर सुटेलच, असं धरू नका.