घडीचा संगणक बांधताना: आधी बिजागरी, मग स्क्रीन

चित्रं, पानांची मांडणी किंवा ध्वनिसंपादन यासाठी दोन स्क्रीनचा घडीचा संगणक करायचा असेल, तर खरेदी स्क्रीनपासून सुरू करू नका. घडी होणाऱ्या एकसंध ओएलईडी पडद्याचा नाद तर सोडाच. लेनोवोने २०२० मध्ये तसा थिंकपॅड आणला, पण तो पडदा मऊ असतो, टोकदार पेनाने ओरखडतो आणि घडीवर बिघडला की अख्खाच बदलावा लागतो. त्यापेक्षा १३.३ इंची दोन पोर्टेबल टच मॉनिटर आणि रास्पबेरी पाय ५ हा एकाच पाटीवरचा छोटा संगणक बरे.

आता बिजागरी. वरचा भाग ७०० ग्रॅम आणि २० सेंमी उंच धरू. तो उभ्यापासून ४५ अंश मागे कलला, की त्याचं वजन बिजागरीपासून ७ सेंमी मागे पडतं. पीळ (टॉर्क) झाला ०.७ × ९.८ × ०.०७, म्हणजे ०.४८ न्यूटन-मीटर. १८ सेंमीवर बोट दीड न्यूटनने टेकलं की आणखी ०.२७. एकूण पाऊण. ०.५ न्यूटन-मीटरच्या दोन फ्रिक्शन बिजागऱ्या, म्हणजे घर्षणाने हव्या त्या कोनात थांबणाऱ्या, घ्या. वापराने त्या सैल पडतात, म्हणून थोडी जास्तीची ताकद हवीच. याच हिशेबाने, तेवढाच खोल असलेला खालचा भाग सुमारे ७७० ग्रॅमपेक्षा हलका झाला, तर बोट लागताच सगळं मागे उलथेल. पॉवर बँक पुढच्या कडेला ठेवा.

केबल बिजागरीवरून आडवी नेली की तिथेच तुटते. चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलची चपटी रिबन बिजागरीच्या आसाभोवती दीड वेढा सैल गुंडाळा. स्क्रीनच्या वीजतारेकडे कुणी लक्ष देत नाही. २८ गेजच्या अर्ध्या मीटर तारेतून २ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे ०.४ व्होल्ट गळतो आणि उजेड वाढवताच स्क्रीन लुकलुकते. २२ गेज वापरा; गेजचा आकडा लहान, तेवढी तार जाड.

पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात. बहुतेक पॉवर बँका ५ व्होल्टला ३ अँपिअरवरच थांबतात. मग चारही यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर मिळतात आणि चित्रं काढायचा पेन टॅब्लेट मधेच बंद पडतो. टॅब्लेट मात्र हवाच, कारण साध्या टचला दाब कळत नाही. खरेदीआधी पॉवर बँकेवर ५ व्होल्ट ५ अँपिअर छापलंय का, ते वाचा.

पेटी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापू नका. ते साठेक अंशांना मऊ पडतं, आणि सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या लेसर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. एम३ स्क्रूला ३.२ मिमी भोक. पत्र्याचा दुसरा फायदा थंडाव्याचा. प्रोसेसर ८० अंशांना स्वतःहून मंदावतो, म्हणून थर्मल पॅडने, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीने, तो पत्र्याला भिडवा. मिरजेत सतारमेकरांकडे ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर पंख्याऐवजी हेच करा. खर्जाची तार विझत जाताना छोटा पंखा स्पष्ट ऐकू येतो.

शेवटी व्हिडिओ चालू ठेवून शंभरेक वेळा उघडझाप करा. चित्र एका ठरावीक कोनातच तुटत असेल, तर रिबन ताणली जातेय. वेढा सैल करा.