गॅस न पेटवता खजूर-सुकामेव्याचे लाडू: या चुका टाळा

मागच्या महिन्यात भाचीचा संध्याकाळी फोन आला. "मावशी, लाडू वळतच नाहीयेत गं, नुसता भुगा होतोय. दुधाचा हात लावू का?" मी घाईघाईने म्हटलं, "थांब, दूध अजिबात नको!"

तिचं काही चुकत नव्हतं. रव्याचा लाडू वळेना झाला की दुधाचा हात लावायचा, बेसनाचा कोरडा वाटला की पातळ तूप सोडायचं, हेच आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. पण या लाडवात पाक नसतो आणि भाजणंही नसतं. सगळं धरून ठेवतो तो एकटा खजूर. त्यामुळे इतर लाडवांचे उपाय इथे चालत नाहीत, उलट बिघडवतात. दुधाचा हात लावलेला खजुराचा लाडू त्या दिवशी छान वळला जातो, पण बाहेर ठेवला तर दोन दिवसांत त्याला आंबूस वास येऊ लागतो. दूध घालून वळलेच असतील तर ते लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. डब्यात घालून मुलाच्या होस्टेलवर मात्र पाठवू नका.

मी घेते ते प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. बिया काढून २०० ग्रॅम खजूर, बदाम-काजू-अक्रोड मिळून १५० ग्रॅम, दोन मोठे चमचे किसलेलं सुकं खोबरं, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. साधारण २० ग्रॅमचे १८ लाडू होतात. मीठ गाळू नका. त्याच्यामुळे खजुराची एकसुरी गोडी मोडते.

खजूर न ओळखता घेणं

माझ्या मते निम्म्याहून जास्त बिघाड इथेच होतो. पाककृतीत नुसतं "खजूर २०० ग्रॅम" लिहिलेलं असतं, पण दुकानातला प्रत्येक खजूर वेगळा. इराणच्या बाम भागातला काळा, मऊ मजाफती आपल्याकडे किमिया या नावाने खोक्यात मिळतो. तो इतका ओलसर असतो की दुकानदारही तो फ्रीजमध्ये ठेवतात. नुसता खायला याच्यासारखा खजूर नाही, पण लाडवात तो सैल पडतो आणि मिश्रण हाताला चिकटून बसतं. उलट पिवळसर झाहेदी कोरडा आणि चिवट. तो वाटूनही नीट गोळा होत नाही. मेडजूल या दोघांच्या मधला, मऊ पण पाणीदार नाही, म्हणून लाडवाला उत्तम. फक्त महाग. ओमानचा फर्द किंवा दाबून पाकिटात भरलेला साधा बिनबियांचा खजूर रोजच्या लाडवांना पुरेसा चांगला आहे, मी बहुतेक वेळा तोच वापरते.

नाव आठवलं नाही तरी हरकत नाही, बोटांनी बघा. एक खजूर चिमटीत दाबा. दबून तसाच राहिला आणि बोट जवळजवळ कोरडं राहिलं तर बरोबर. बोटाला गर लागला तर तो ओला आहे, त्याच्यासाठी सुकामेवा १५० ऐवजी १८०-१९० ग्रॅम घ्या आणि खजूर वाटण्याआधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा. दबलाच नाही तर कोरडा. कोरड्या खजुराला पाण्यात भिजवण्यापेक्षा वाफ द्यावीशी वाटते, पण वाफेनेही तो पाणी पितो. सगळ्यात सोपं म्हणजे डबा घट्ट बंद करून अर्धा तास उन्हात ठेवणं, किंवा मायक्रोवेव्ह असेल तर १५-२० सेकंद गरम करणं. खजुरातली साखर उबेने मऊ पडते आणि एक थेंबही पाणी न घालता तो मिळून येतो.

आणि प्रत्येक खजूर उघडून बघा, पाकिटावर बिनबियांचा लिहिलं असलं तरी. एखादी बी किंवा बीचा तुकडा राहून गेलेला असतो. तो मिक्सरच्या पात्यालाही वाईट आणि दातालाही. आत काळी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, तो खजूर पुसून वापरायचा नाही, टाकून द्यायचा. वरचे पांढरे ठिपके मात्र बऱ्याचदा नुसती साखर असते. कोमट पाण्यात बोट बुडवून चोळा. विरघळली तर साखर. लोकरीसारखं दिसत असेल, कुबट वास येत असेल, तर बुरशी.

मिक्सर एकसारखा फिरवणं

बदामात जवळजवळ निम्मं तेल असतं, अक्रोडात तर ६० टक्क्यांहून जास्त. मिक्सर सलग फिरवला की पातं तापतं, मेवा तापतो आणि तेल सुटायला लागतं. भरड हवी होती तिथे लोणी होतं. म्हणून दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, चमच्याने तळ वर करायचा, पुन्हा फिरवायचं. बदाम टणक, ते आधी. काजू आणि अक्रोड लवकर तेल सोडतात, ते शेवटी घालून एक-दोन फेऱ्याच द्या. काही तुकडे मोठे राहिलेले चालतात, किंबहुना राहू द्याच. खाताना दाताखाली येतात.

मेवा काढून घेतल्यावर त्याच भांड्यात खजूर. अख्खे टाकले तर ते पात्याभोवती गोळा होऊन मिक्सर अडतो, म्हणून सुरीने चार तुकडे करून, दोन चमचे भरड बरोबर घालून, थोडे थोडे वाटा. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. प्लग काढा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग मिक्सर उलटा करून तळाचं छोटं बटण दाबा. बहुतेक मिक्सरना जास्त भार आला की आपोआप बंद होण्याची ही सोय असते.

तेल सुटलंच असेल तर मिश्रण २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग हाताने जाडसर चिरलेले बदाम आणि खोबरं मिसळा. पिळून तेल काढायचा प्रयत्न करू नका, चवही त्याच्याबरोबर जाते.

भिजवलेले बदाम

सकाळी भिजवलेले बदाम खायची सवय घराघरांत आहे, म्हणून लाडवातही तेच सोलून घालतात. हे टाळा. त्या बदामात रात्रभरचं पाणी असतं आणि लाडवाला बुरशी तिथूनच धरते. बेदाण्यांचंही तसंच. सांगली-तासगावचा बेदाणा घातला तर लाडवाला छान आंबटगोड चव येते, पण धुतल्यावर तो कापडावर पसरून तीन-चार तास पूर्ण कोरडा होऊ द्या. देठ काढायला विसरू नका. ओला नारळ तर यात नकोच, सुकंच खोबरं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, न भिजवताही मेवा सादळतो. तो मंद आचेवर परतून घेतला तरी चालतं, फक्त पूर्ण थंड झाल्याशिवाय वाटू नका. गरम मेवा लवकर तेल सोडतो, आणि डब्यात भरल्यावर झाकणाला आतून पाणी सुटतं.

न चाखता मेवा घालणं

एक खवट अक्रोड पूर्ण घाणा बिघडवतो, आणि ते कळतं शेवटी, लाडू तोंडात गेल्यावर. प्रत्येक पुड्यातला एक-एक दाणा आधी चाखा. अक्रोड आणि जवसाची पूड सगळ्यात लवकर खवट होतात, खोबरं त्यांच्या मागोमाग. अक्रोड फ्रीजमध्येच ठेवा. जवस घालायचं असेल तर त्याच दिवशी कुटा, महिनाभरापूर्वीची पूड घालू नका.

फुटतोय की चिकटतोय?

मिश्रण तयार झालं की एक मूठ घट्ट दाबून उघडा. मुटका राहिला तर वळायला घ्या. फुटला, तर मिश्रणाचा चौथा हिस्सा पुन्हा मिक्सरमध्ये घालून त्याचा चिकट गोळा होईपर्यंत वाटा आणि बाकीच्यात मळून घ्या. बहुतेक वेळा एवढं पुरतं. भाचीचे लाडूही असेच वळले गेले. नाहीच झालं तर दोन-तीन खजूर वाढवा. तुपाने बांधणी होत नाही, फक्त तळवे ओले करायला अर्धा चमचा घ्या.

चिकटत असेल तर ओट्सची पूड किंवा खोबरं एक-एक चमचा घाला आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबा. ओट्स हळूहळू ओल शोषतात. घाईने वाढवत गेलात तर सकाळी लाडू दगड झालेले असतात. कोको पावडर आणि प्रोटीन पावडरचंही तसंच, दोन्ही मिश्रण कोरडं करतात.

साखर नाही म्हणून कितीही

हे मला कळकळीने सांगायचंय. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो. वरच्या प्रमाणातल्या एका लाडवात सात-आठ ग्रॅम साखर जाते, म्हणजे जवळपास दोन चहाचे चमचे, आणि ८५-९० कॅलरी. ट्रेकला निघालेल्याला हे उत्तम. मधुमेह असलेल्या आजोबांना "बिनसाखरेचे आहेत, घ्या अजून एक" म्हणून आग्रह करू नका. सुक्या क्रॅनबेरी घालत असाल तर पाकिटावरचे घटक वाचा, बहुतेकांत वरून साखर घातलेली असते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मेवा अगदी बारीक वाटा, मोठा तुकडा घशात अडकू शकतो. कुणी मध घालत असेल तर तो लाडू वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आणि शाळेच्या डब्यात देताना वर्गात कुणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून घ्या.

राहिलं ठेवण्याचं. कोरड्या खजुराचे लाडू थंडीत आठवडाभर बाहेर टिकतात, ओल्या खजुराचे फ्रीजमध्येच ठेवा. फ्रीजमध्ये घट्ट डब्यात तीन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने. पूर्ण डबा बाहेर काढून पुन्हा आत ठेवत राहिलात तर लाडवांवर दव धरतं. म्हणून लागतील तेवढेच काढा. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर राहिले की ते पुन्हा मऊ होतात.