हेल्स कॅन्यनला निघताना: आधी चष्म्याची दोरी, मग बाकीचे सामान

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसीहून लुइस्टनला मोटारीने जाऊन स्नेक नदीच्या हेल्स कॅन्यन या घळीत दिवसभराची जेटबोटीची सफर करू इच्छिणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ही यादी लिहीत आहे, आणि ती लिहिण्याचे कारण एवढेच की माझी स्वतःची सफर एका दोरीवाचून वाया गेली. निघून पाऊण तास झाला असेल, उजवीकडच्या कड्यावर काहीतरी हलले म्हणून मी मान बाहेर काढली, तेवढ्यात बोट वळली, वाऱ्याचा झोत कानामागून आला आणि चष्मा नदीत गेला. माझा नंबर उणे सहा आहे. ज्या घळीची खोली शिखरापासून पाण्यापर्यंत जवळजवळ ८,००० फूट भरते, ती मी उरलेला दिवस तपकिरी आणि हिरव्या डागांच्या रूपात पाहिली.

म्हणून सर्वांत आधी चष्म्याची दोरी घ्यावी. दोन्ही काड्यांवर घट्ट बसणारी आणि डोक्यामागे ओढून आवळता येणारी दोरी हवी; गळ्यात लोंबणारी मण्यांची साखळी चालत नाही, कारण ती चष्मा काढून ठेवण्यासाठी असते, उडू न देण्यासाठी नव्हे. दुकानात जाणे झाले नाही तर पायजम्याची नाडी काड्यांना बांधावी, पण बांधावी. उन्हाच्या चष्म्यालाही बांधावी. ‘मी घट्ट धरून बसेन’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की खळाळ आला की दोन्ही हात समोरच्या दांडीवर जातात.

याचे कारण बोटीच्या रचनेतच आहे. जेटबोटीच्या खाली पंखा लोंबत नसतो. पंप तळातून पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोटीतून जोराने फेकतो, आणि ती तोटी फिरवली की बोट वळते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी तिकडच्या उथळ नद्यांसाठी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. त्यामुळे बोट खडकाळ, उथळ पाण्यावरूनही जाते, पण वळते ती क्षणात. नाक उचलून आपटते ते पुढच्या बाजूला, तेव्हा कंबरदुखी असलेल्या आईवडिलांना मागच्या बाकांवर बसवावे, त्यांनी दृश्यासाठी कितीही हट्ट धरला तरी.

टोपी, पाणी, उन्हाचे मलम हे सांगायला नको. टोपीलाही दोरी हवी, हे मात्र सांगतो. सकाळी बोटीवरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते आणि दुपारी घळीत पारा ३८ अंशांच्या वर जाऊ शकतो, म्हणून एकच जाड स्वेटर न घेता अंगावर चढवता-उतरवता येतील असे दोन-तीन पातळ कपडे घ्यावेत. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर मांड्यांना चिकटून राहते.

शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच कळवावे आणि तरीही दशम्या बरोबर ठेवाव्यात. औषधे मोटारीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण घळीत मोबाइलला रेंज नसते आणि नदीकाठच्या किर्कवुड या जुन्या रँचपर्यंत गेलात तर तुम्ही लुइस्टनपासून सुमारे ८० मैल दूर असता.

आदल्या रात्री थोडे वाचूनही जावे, कारण इंजिनाच्या घरघरीत वाटाड्याचे निम्मे बोलणे ऐकूच येत नाही. वरच्या बाजूला १९५९ ते १९६७ या काळात तीन धरणे उभी राहिली. खालचा हा पट्टा मात्र १९७५ च्या कायद्याने वाचला, म्हणून तिथे नदी अजून खळाळते. नदीकाठी बफेलो एडी येथे नेझ पर्स या मूळनिवासी जमातीच्या पूर्वजांनी काळ्या खडकांवर टोचे मारून माणसे आणि मेंढे कोरले आहेत. शेजारचे प्रवासी त्यांची शिंगे मोजत होते आणि मला खडक कुठे संपतो हेही कळत नव्हते. डग बार या काठावर १८७७ मध्ये याच जमातीचे नेते चीफ जोसेफ यांच्या लोकांनी, राखीव प्रदेशात जाण्याच्या लष्करी हुकुमामुळे, पुराच्या पाण्यातून बायका-मुले आणि गुरे-घोडे पैलतीरी नेले, आणि बरीच गुरे वाहून गेली. डीप क्रीकच्या तोंडाशी १८८७ मध्ये सोने धुणाऱ्या तीसहून अधिक चिनी मजुरांची हत्या झाली. पुढच्या वर्षी खटला चाललेले तिघेही निर्दोष सुटले. तिथे २०१२ मध्ये स्मारकशिळा बसवली गेली. पत्नीने ती वाचून दाखवायला सुरुवात केली आणि तिचा आवाज बसला. मला अक्षरे दिसत नव्हती, तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. दोरी बांधा.

उतरण्याच्या ठिकाणी पायवाट सोडू नये: तीन-तीन पानांची विषारी वेल असते, आणि खुळखुळ्या सापही असतात. पायात बंद बूट हवेत. शौचालय दिसले की जाऊन यावे.

मोटारीत जुना का होईना, दुसरा चष्मा ठेवावा. तो नसल्यामुळे परतीचे सुमारे २७० मैल पत्नीला एकटीला गाडी चालवावी लागली. लुइस्टनचे घड्याळ बॉयसीच्या एक तास मागे असते. वाटेतल्या रिगिन्स गावाजवळच्या पुलावर जाताना तास मिळतो, येताना जातो, तेव्हा सोमवारी सकाळी मीटिंग ठेवू नये.