आधी सैल, मग सूर: पावसाळ्यानंतर गाण्याचा क्लास सुरात आणताना

नागपुरात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढता पाय घेतो. चार महिने दमट असलेली हवा आठ-दहा दिवसांत कोरडी होते. दुपारचं ऊन ३३-३४ अंशांवर चटके देतं आणि पहाटे मात्र पातळ चादर ओढून घ्यावीशी वाटते. गाण्याच्या क्लासमधल्या वाद्यांना हा बदल माणसांच्या आधी कळतो. लाकूड आकसलं की तानपुऱ्याच्या खुंट्या ढिल्या पडतात आणि तारा उतरतात. कातडंही आकसतं, पण त्याने तबला उलट चढतो. पेटी (हार्मोनियम) त्या मानाने जागच्या जागी राहते. म्हणून नवरात्रात एका सुरात असलेली तीन वाद्यं दिवाळीच्या तोंडावर तीन वाटांना लागलेली असतात.

अशा वेळी पहिला मोह होतो तो हातोडी घेण्याचा आणि खुंट्या पिळण्याचा. तो आवरा. आधी सैल करा, दोन-चार दिवस कोरडी हवा लागू द्या आणि मगच सूर लावा. पुढचं सगळं याच क्रमाने करायचं आहे.

तबल्यापासून सुरुवात करा

कारण सगळ्यात लवकर आणि सगळ्यात महाग नुकसान तिथे होतं. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल पडतं, तबला उतरतो, मग वाजवणारा गट्टे, म्हणजे वादीखाली (ताण देणाऱ्या चामडी पट्टीखाली) अडकवलेले लाकडी ठोकळे, खाली ठोकत जातो. सप्टेंबरअखेर आठही गट्टे बुडाकडे सरकलेले असतात. हवा कोरडी झाली की तेच कातडं स्वतःहून ताणलं जातं आणि त्यावर वादीचा जुना ताण असतोच. दोन्ही ताण एकत्र आले की पुडी, म्हणजे तबल्याचं तोंड झाकणारं कातडं, चाटेजवळ (काठाच्या कातडी पट्टीजवळ), गजऱ्याच्या (काठावरच्या विणलेल्या कड्याच्या) कडेला, फाटते. रात्रीतून आपोआप फाटलेल्या पुडीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पुडी निकृष्ट असतेच असं नाही.

म्हणून पाऊस थांबल्याच्या पहिल्या आठवड्यातच गट्टे खालून वर ठोकून थोडे सैल करा. एकदम एकच गट्टा नाही. एक ठोकला की त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातले दोन, मग उरलेले चार. पट्टी अर्ध्या सुराने खाली आली की थांबा आणि तबला दोन दिवस तसाच ठेवा. त्यानंतर जुळवायला घ्या. सोळाही घरांवर, म्हणजे वादीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागांवर, चाटेवर बोट मारत एक फेरी करा. जे घर चढं बोलतं तिथे गजऱ्यावर खालून हलका ठोका आणि जे उतरलेलं आहे तिथे वरून. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे. ती घसरून चाटेवर आली तर एका ठोक्यात पुडी गेली. अख्खा तबला एकसारखाच चढा किंवा उतरा असेल तेव्हा गट्ट्यांना हात लावायचा. एक-दोन घरांच्या फरकासाठी गजरा पुरतो.

डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचं, दुखणं वेगळं. कोरड्या हवेत त्याचा घुमारा जातो आणि तो टणक, पातळ बोलू लागतो. तळहात किंचित ओला करून लवेवरून, म्हणजे चाट आणि शाई (काळा गोल थर) यांच्या मधल्या कातड्यावरून, एकदाच फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. शाईला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. ओली झालेली शाई पुढे भेगाळते, तिचे कण सुटतात आणि मग डग्गा खरखरतो.

आणखी एक गोष्ट खास नागपूरची. ऑक्टोबरच्या दुपारी घरोघरी कूलर पुन्हा सुरू होतो. कूलरची हवा ओली असते. तिच्या झोतात ठेवलेला तबला पाऊण तासात उतरतो, वाजवणारा तो चढवतो, आणि रात्री कूलर बंद झाल्यावर तोच तबला ताणून बसतो. वर्गात पंखा लावा. कूलर हवाच असेल तर तबला-डग्गा दुसऱ्या भिंतीला, चुंबळीवर (कापडी कड्यावर), वरून गवसणी (कापडी खोळ) घालून ठेवा.

तानपुरा

गवसणी काढली की आधी वास घ्या. कोंदट वास आला तर भोपळ्यावर आणि दांडीच्या मागे पांढुरकी बुरशी शोधा. ती कोरड्या सुती कापडाने पुसायची, पाण्याने नाही. त्यानंतर बोटाच्या पेराने भोपळा सगळीकडून टकटक वाजवून पाहा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर तिथे चीर आहे किंवा सरसाचा जोड सुटला आहे. अशा वाद्यावर ताण देऊ नका, ते कारागिराकडेच गेलं पाहिजे.

वाद्य वाळवायचं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवणारे लोक आहेत. असं करू नका. या दिवसांतलं ऊन वरवर सौम्य वाटतं, पण त्याने पॉलिशला फोड येतात आणि दांडी-भोपळ्याचा सांधा उघडतो. सकाळी दोन-तीन तास खिडकी उघडी असलेल्या सावलीच्या खोलीत उभा ठेवला, असं तीन-चार दिवस केलं, की पुरे.

आता खुंट्या. घसरणाऱ्या खुंटीची तार सैल करून खुंटी बाहेर काढा आणि ती दांडीच्या भोकात जिथे घासते तिथे साध्या पांढऱ्या खडूची पूड चोळा. परत बसवताना आत दाबत पिळा. तेल चुकूनही लावू नका, लाकूड ते पिऊन घेतं आणि ती खुंटी पुढे कधीच धड धरत नाही. एका वेळी एकच खुंटी घ्या. चारही तारा एकदम सैल केल्या तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जागची हलू शकते आणि ती नेमकी पूर्वीच्या ठिकाणी बसवणं सोपं नसतं.

पोलादी तारांवर गंजाचे तपकिरी ठिपके दिसतात का ते बघा. बोट फिरवून खरखर लागली तर तार बदला. गंजलेल्या तारेचा नाद बसका होतो आणि कितीही जुळवली तरी ती शेजारच्या तारेशी एकजीव होत नाही. दुकानात जाताना जुनी तार सोबत न्या, जाडी तोंडी सांगण्यात चूक होते. नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहणार, हे धरूनच परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या किमान चार दिवस आधी ती घाला.

जुळवताना आधी जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, पेटीच्या षड्जाला (सा) लावा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात लाट ऐकू येते. जवळ येत गेल्या की लाट मंदावते आणि थांबली की जोडी जुळली. त्यानंतर खर्ज (खालचा सा), शेवटी पंचम (प). खुंटीने ढोबळ सूर आणा आणि उरलेला केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढा. मणी घोडीपासून दूर, तारदानाकडे (तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तिकडे) सरकवला की सूर चढतो. मग जवारीचा, म्हणजे झणकार आणणारा, दोरा. तो घोडीवर तारेखाली अगदी हळू पुढे-मागे सरकवत जा. एका जागी तार एकदम उघडते आणि झणकार पसरतो. ती जागा सापडली की दोऱ्याला पुन्हा हात लावू नका.

पेटी आणि मोबाइलमधला तानपुरा यांत फरक पडत असेल तर गोंधळून जाऊ नका. बऱ्याच जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोड्या चढ्या असतात. वर्गात पेटी वाजणार असेल तर तानपुरा पेटीलाच लावा आणि मोबाइल बाजूला ठेवा.

पेटी

पेटीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक सप्टेंबरात होते. दमटपणाने पट्ट्या फुगतात, शेजारच्या पट्टीला घासून अडकतात, आणि कोणीतरी पॉलिश पेपरने त्या घासून देतं. महिनाभराने लाकूड आकसतं आणि त्याच पट्ट्या खुळखुळू लागतात. अडकलेली पट्टी ऑक्टोबरअखेरपर्यंत तशीच राहू द्या. दहांतल्या आठ वेळा ती आपोआप सुटते.

साफसफाई मात्र आत्ताच करा. वरचं झाकण काढा, इंचभर रुंदीच्या मऊ, कोरड्या ब्रशने धूळ एका दिशेने बाहेर ओढा. फेल्ट कसरीने खाल्लंय का ते पाहा. न दाबता एखादा सूर वाजत राहत असेल तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही, बहुधा तिथे कचरा अडकलेला असतो. दाबूनही सूर वाजत नसेल तर रीडच्या, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, जिभेत कण आहे. भाता जोरात दोन-तीनदा मारून बघा. नाहीच निघाला तर कागदाची पातळ पट्टी जिभेखालून अलगद ओढा. टाचणी वापरायची नाही. जिभेवर ओरखडा पडला की सूर बदलतो, टोकाशी पडला तर चढतो आणि मुळाशी पडला तर उतरतो.

गळती तपासायला सगळे स्टॉप (हवा सोडणारे खटके) बंद करून हवा भरा आणि हात काढा. आतला भाता लगेच खाली बसला तर घडीच्या कोपऱ्यांवर तळहात फिरवा, हवेची झुळूक लागेल ती जागा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा सुकवलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबरगोळीचा उग्र वास पेटीसमोर तासन्‌तास गाणाऱ्याच्या घशाला त्रास देतो.

पहाटेचा तास

ऑक्टोबरच्या मध्याला नागपुरात सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो. पाच ते सव्वासहा हा वेळ शिकवणाऱ्याने स्वतःसाठी राखावा. दिवसभर मुलांच्या काळी चार-पाच या चढ्या पट्टीत गाऊन दाखवणाऱ्या गळ्याला स्वतःच्या पट्टीत यायला दुसरा वेळच मिळत नाही.

इथेही नियम तोच. झोपेतून उठलेला गळा ताणू नका. कोमट पाणी प्या, मग वीस मिनिटं फक्त खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, आकारात, एकेक सूर श्वास संपेपर्यंत. मंद्र पंचमाच्या खाली जोर लावून जायचं नाही. त्यानंतर दहा मिनिटं संथ पलटे (सुरांच्या ठरावीक रचना) आणि मग राग. मल्हाराचे प्रकार आता बाजूला ठेवा. जुन्या राग-रागिणी परंपरेत शरदाशी भैरव जोडलेला आहे आणि पहाटेला तो शोभतोही. कोमल ऋषभ आणि कोमल धैवतावरचं आंदोलन घाईत येत नाही, त्याला हाच निवांतपणा लागतो.

या तासातलं खरं सुख मात्र गाणं सुरू होण्याआधीचं आहे. खिडकी उघडा, अंगणात प्राजक्त असेल तर त्याचा वास येईल, आणि पाच मिनिटं न गाता नुसता तानपुरा छेडा. जुळलेल्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे कोणी न छेडलेला ग, आपोआप ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. हा फरक ज्या विद्यार्थ्याला एकदा ऐकू आला त्याचा कान कायमचा बदलतो. तेव्हा आठवड्यातून एक दिवस मोठ्या विद्यार्थ्यांनाही या वेळेला बोलवा, पेटी बंद ठेवून.

तर्री-पोहे रियाजानंतर, तेही तासाभराने. आंबिया बहाराची संत्री याच सुमारास बाजारात येऊ लागतात. सुरुवातीची आंबट असतात, ती दुपारी खावीत. संध्याकाळच्या क्लासच्या आधी नको.

वर्गाचं वेळापत्रक

सूर्य आता सहाच्या आधीच मावळतो, म्हणून लहान मुलांची तुकडी साडेचारला घ्या. नवरात्रात संध्याकाळी सातनंतर लाउडस्पीकर सुरू होतात आणि त्या आवाजात सूर शिकवणं व्यर्थ आहे. ते नऊ दिवस मोठ्यांचा वर्ग सकाळी हलवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र डोळ्यासमोर ठेवून दिवाळीआधीच बंदिशी पूर्ण झाल्या पाहिजेत. दिवाळीतल्या फटाक्यांच्या धुराने आणि तळणाने बसलेले गळे पूर्ववत व्हायला आठवडा जातो. त्या आठवड्यात तालाची पाठांतरं, हातावर दुगुण (दुप्पट लय) आणि लेखी तयारी घ्या.

लहानग्यांसाठी भुलाबाईची, म्हणजे या दिवसांतल्या मुलींच्या खेळाची, गाणी सोडू नका. विदर्भातल्या मुलींना ती घरातूनच कानावर पडलेली असतात आणि त्यांचा पल्ला चार-पाच सुरांचाच असतो. पाठ असलेलं गाणं आधी म्हणायला लावा, मग त्याच चालीचे स्वर एकेक करून पेटीवर शोधायला सांगा. सरगम शिकवण्याची याहून सोपी वाट नाही. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, ते तर त्यांना सगळ्यात आवडतं.

कोजागिरीची बैठक

पंधरा माणसांना तीन लिटर म्हशीचं दूध घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत अडीच लिटरपर्यंत आटवा. दोनशे ग्रॅम साखर, वीस-पंचवीस बदामांची भरड, दोन चमचे चारोळी, आठ-दहा वेलदोडे, केशराच्या काही काड्या आणि चिमूटभर जायफळ घाला. साखर शेवटी घाला म्हणजे दूध बुडाला लागत नाही. दूध सगळं गाणं झाल्यावरच द्यायचं. आधी घेतलं तर घसा चिकट वाटतो आणि तार षड्ज अडतो.

वाद्यं गच्चीवर अर्धा तास आधी न्या आणि त्यानंतर जुळवा. खोलीतून नेल्या नेल्या जुळवलेला तानपुरा पहिल्या बंदिशीतच सुरातून ढळतो. गच्चीच्या फरशीवर थेट काही ठेवू नका, चटई आणि तिच्यावर सतरंजी हवी. दहानंतर दव पडू लागतं आणि तबला पुन्हा पावसाळ्यासारखा वागतो. म्हणून मधल्या वेळात त्यावर टॉवेल टाका, आणि उतरला तर फक्त गजऱ्यावर काम चालवा. गट्टे खाली ठोकले तर सकाळच्या उन्हात पुडीची तीच गत होईल. आधी मुलं, मग मोठे विद्यार्थी, आणि बागेश्री, मालकंस, चंद्रकंस हे राग मध्यरात्रीच्या जवळ ठेवा.

दुधाचे पेले भरायच्या आधी वाद्यं खाली आणा. तारा आणि दांडी कोरड्या कापडाने पुसा, पेटीचा भाता बंद करून पट्टा लावा, आणि गवसण्या मात्र सकाळपर्यंत घालू नका. दवाची ओल आत कोंडली की बुरशी पुन्हा धरते.