भर वाऱ्यात शिडाची कयाक

आमच्या घरात पूर्वी एका उलांडीची होडी होती. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बसवलेला लांब तरंगता ओंडका. माझी मासे धरायची कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, दोन उलांड्यांची आहे. पायाला पेडल, मागे सुकाणू आणि डोलकाठीभोवती गुंडाळलं जाणारं शीड. वारा चढल्यावर काय करायचं, असं नवीन मुलं विचारतात. खरं तर ते सकाळी निघतानाच ठरतं.

मालवणला फेब्रुवारी ते मे वाऱ्याचा क्रम बहुतेक ठरलेला. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दहा-अकराला तो पडतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. मग समुद्रावरून, वायव्येकडून खारा वारा उठतो आणि तीन-चार वाजता त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. म्हणून मी सर्जेकोटहून वर, म्हणजे उत्तरेला, तोंडवळी-आचऱ्याच्या बाजूला जातो. परतताना वारा मागून मिळतो. खाली दक्षिणेला देवबागकडे सुरमई लागतेय असं कळलं, तरी दुपारपर्यंत तिथे रेंगाळू नका. दमलेल्या अंगाने सगळा वारा तोंडावर घेत यावं लागतं. बंदरावर 3 नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला असेल तर कयाक वाळूवरच राहू दे.

लाटांच्या माथ्यावर तुरळक फेस दिसला की वारा 10 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 18-19 किलोमीटर. जिकडे बघावं तिकडे फेस दिसू लागला की तो 15 कडे गेलेला असतो. पण माझी नजर असते ती वारा ज्या बाजूला ढकलतो त्या उलांडीवर. ती पाण्यावरून घसरत असेल तर ठीक. तिचं टोक पाण्यात घुसून वरून पाणी वाहू लागलं की शीड कमी करायचं, लगेच. अजून थोडं बघू, असं म्हणत बसायचं नाही.

कमी करताना नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवा, दामण (शीड ताणून धरायची दोरी) सैल सोडा आणि शीड फडफडू द्या. मग गुंडाळायची दोरी ओढून दोन-तीन वेढे घ्या. हे करताना दुसऱ्या हाताने दामण किंचित ताणून धरायची, हे बरेच जण विसरतात. नाहीतर वेढे ढिले बसतात, शिडाचा वरचा भाग पिशवीसारखा फुगतो आणि नको तेवढा वारा नेमका उंचावर धरतो.

दामण कधीही दोरी अडकवायच्या खाचेत अडकवून ठेवू नका, ती हातातच हवी. एका मार्चमध्ये तोंडवळीसमोर मी ती अडकवली होती, कारण सुरमई लागली होती आणि रॉडला दोन्ही हात हवे होते. वाऱ्याचा झोत आला, उलांडी आत गेली आणि ओली दोरी खाचेतून सुटेपर्यंत मी पाण्यात पडलो होतो. कयाक उलटली नाही, पण भरल्या शिडाची कयाक माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात पळते. लाइफ जॅकेटला बांधलेल्या दोरीमुळे ती माझ्यापाशी राहिली. रॉड गेला. घरी आबा एवढंच म्हणाले, "वारो वाढलो काय पयलां शीड गुंडाळूचां, मासो मगे." जॅकेटची ही दोरी एका झटक्यात सुटणारी हवी, नाहीतर तीच पायात अडकते.

तेव्हापासून मासा लागला की मी आधी पूर्ण शीड गुंडाळतो आणि पेडल मारत कयाक सावरतो. मासा वाऱ्याकडच्या बाजूने खेळवायचा. कयाक वाऱ्याबरोबर सरकत असते, दुसऱ्या बाजूला दोरा टाकला तर तो खाली जाऊन पेडलच्या पात्यांत किंवा सुकाणूत अडकतो. नांगर टाकायचा तर नाळेवरून, बाजूने कधीच नाही.

परतीचा वारा फसवा असतो. तो मागून घेतला की मंद झाल्यासारखा वाटतो, कारण आपणही त्याच दिशेने पळत असतो. म्हणून वळण्याआधीच शीड अर्धं करा. अंग मागे टाकून बसा, म्हणजे नाळ लाटेत घुसत नाही. थेट वारा पाठीवर घेऊ नका, थोडा तिरका घेत नागमोडी या. नाहीतर शीड एका बाजूकडून दुसरीकडे फाडकन आदळतं.

कोळंब खाडीच्या मुखाशी ओहोटी असेल आणि समोरून वायव्येचा वारा असेल, तर तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. ओहोटी संपेपर्यंत बाहेर थांबा, किंवा थोडं लांब जाऊन वाळूवर उतरा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, छातीशी बांधलेला असू द्या. तटरक्षक दलाचा 1554 नंबर त्यात आधीच घालून ठेवा, गळ्यात शिट्टी हवीच.

वाळूवर उतरताना फुटणाऱ्या लाटांच्या बाहेरच शीड पूर्ण गुंडाळा आणि पेडलची पाती वर घ्या. सुकाणू मात्र शेवटच्या लाटेपर्यंत खाली असू दे, वाळू दिसली की मगच उचला.